दाबी राख

रमाकांत मास्तरांची अक्कलदाढ दुखायला लागली तेव्हा शाळेतल्या सगळ्यांना आधी हसूच आलं. 'तिशी गाठली, आता कुठे अक्कल यायला लागली वाटतं,' इथपासून 'काढू नका हो, मग पोरांना गणित कोण शिकवणार' इथपर्यंत ज्यानं त्यानं आपली हौस भागवून घेतली. मास्तरही गाल धरून हसले. नव्या मुलखात नोकरीला आलेल्या माणसानं हसणाऱ्यांत राहावं, ज्यांना हसतात त्यांच्यात राहू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी सिल्वासात आल्यावर पहिल्याच वर्षी बनवलं आणि मग कधी बदललं नाही.

पोर्तुगीज जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कचेऱ्यांना आणि शाळांना माणसं हवी होती, ती मुंबईहून, कोकणातून येत होती. बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी, घरात मराठी, अशी जिभेची रोजची कसरत. मास्तरांना ती जमली. त्यांच्या बायकोला, शैलजाला, जमली नव्हती. ती देवरुखच्या बाजूची, दिवाळीनंतर बिऱ्हाडाला आलेली. आल्या आल्या तिनं वाण्याकडे साखर मागितली आणि घरी पुडा सोडून बघते तर खडीसाखर! इकडे साखरेला खांड म्हणतात आणि साकर म्हणजे खडीसाखर, हे तिला कोणी सांगितलं होतं? त्यात ती दुकानात 'काय? काय म्हणालात?' करत उभी राहिलेली, आणि ते नेमकं शाळेच्या शिपायानं ऐकलेलं. मास्तरांनी ती गोष्ट शाळेत रंगवून सांगितली, शेजारी सांगितली, पत्ते खेळायला येणाऱ्या सरकारी डॉक्टरांना सांगितली. रात्री मात्र जरा गंभीर होऊन तिला म्हणाले, "अगो, कळलं नाही तर नुसती मान हलवावी आणि घरी येऊन मला विचारावं. काय काय करत उभी राहू नकोस. लोक हसतात."

शैलजाला त्या वेळी इतकी लाज वाटली की तिनं ते मनावर कोरून घेतलं. तेव्हापासून ती सगळीकडे मान हलवायची. भाजीवालीकडे हलवायची, पिठाच्या गिरणीत हलवायची, घरमालकीण लीलाबेन काही सांगायला आली की हसून हलवायची. माणूस शहाणा दिसायला एवढं पुरतं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

दाढेचं दुखणं वाढत गेलं. लवंग झाली, हिंग झाला, गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेवटी गालावर गळू आल्यागत सूज चढली तेव्हा मास्तर गुरुवारची वाट बघू लागले. गुरुवारी वापीहून दाराशा डॉक्टर आपली जुनी मोटार घेऊन यायचे आणि बाजारात कापडाच्या दुकानामागच्या खोलीत दात काढायचे. गोरापान, पोट सुटलेला, डोक्यावर काळी टोपी घातलेला हा पारशी म्हातारा सगळ्यांना 'तू'च म्हणायचा, मग समोर मामलेदार का असेना. आणि हसायचा फार. दात काढताना हसायचा, काढून झाल्यावर तो हातावर नाचवत हसायचा. लोक म्हणत, त्याच्या हसण्यानंच निम्मं दुखणं पळतं.

शैलजा बरोबर गेली होती. बाहेरच्या बाकावर बसली. दार लागलं ते लवकर उघडेना. आतून ठक ठक असा आवाज येऊ लागला. कोणीतरी भिंतीत खिळा ठोकतंय असं तिला वाटलं, आणि मग हा आवाज भिंतीतला नाही हे तिला कळलं. आत मास्तर ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

दार उघडलं. मास्तर घामानं भिजलेले, अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. दाराशांनी दाढेचे दोन तुकडे हातावर घेऊन दाखवले. आडवी वाढलेली, मुळं गळासारखी वाकलेली. "आवी दाढ तो में बहु वर्षे जोई," अशी दाढ फार वर्षांनी पाहिली, म्हणाले आणि हसले. मास्तरांना त्यांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की जबडा थोडे दिवस आखडेल, तोंड पुरतं उघडणार नाही, घाबरायचं नाही, पुढच्या गुरुवारी येऊन दाखवायचं. मास्तरांनी मान हलवली आणि भिंतीला धरत धरत बाहेर टांग्याकडे निघाले.

शैलजा मागे जायला वळली तशी दाराशांनी तिला थांबवलं. आपला रक्तानं भरलेला टॉवेल दाखवला, गालावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "लोही नीकळे तो दाबी राख, दीकरी. जोरथी दाबी राख. समजी के?"

लोही म्हणजे रक्त, ते टॉवेलावरून कळलं. दाबी तर सरळच होतं. आणि राख म्हणजे राख. रक्त आलं तर राख दाब, जोरात दाब. तिला मनातून बरंच वाटलं, की आज एक अख्खं वाक्य आपल्याला न विचारता कळलं. तरी एक शंका आली, की राख कोणती, किती, कशानं लावायची. 'काय?' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण बाकावर चारपाच माणसं बसलेली होती, त्यांत शाळेतल्या एका मुलाचा बापही होता. तिनं मान हलवली.

आता यात तिचं चुकलं असं कोण म्हणेल? तिच्या माहेरी सगळं घर राखुंडीनं दात घासायचं. हिरडीतून रक्त आलं की आजी राखेचीच चिमूट दाबायची. मोठ्या शिकलेल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, तर तिला उलट माहेरचा अभिमान वाटला.

घरी आल्यावर तासाभरात बधिरपणा उतरला आणि बोळा लालभडक होऊन बाहेर आला. रक्त थांबेना. मास्तर पिकदाणीवर वाकून बसले होते. शैलजा चुलीशी गेली, पण चुलीतली राख निखाऱ्यांनी कढत होती. ती जखमेत कशी घालायची? म्हणून ती मागच्या परसात गेली. तिथे लीलाबेनची गाय बांधलेली असायची, आणि गोठ्याच्या कडेला गोवऱ्यांच्या राखेचा थंडगार ढीग. त्यातली मऊ, पांढरी राख तिनं वाटीभर घेतली. घरात आणून धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळली, पुन्हा गाळली, अगदी पिठीसारखी केली. ओल्या कापसाला लावली आणि मास्तरांच्या तोंडात बोट घालून दाढेच्या खड्ड्यात जोरात दाबली.

मास्तरांनी डोळे मोठे करून हुं? केलं.

"डॉक्टरांनीच सांगितलंय," ती म्हणाली.

मास्तरांना गुजराती येत होतं. त्यांनी 'काय सांगितलं, सांग बघू त्यांच्याच शब्दांत' एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्यांच्या तोंडात बायकोचं बोट होतं, अंगात त्राण नव्हतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर विचारायचं काय? त्यांनी डोळे मिटले. आणि रक्त थांबलं. खरंच थांबलं. शैलजानं देवाला हात जोडले. पुढचे काही दिवस ती रोज सकाळी ताजी राख आणून, गाळून, त्या खड्ड्यात भरत राहिली. या कामात तिला एक गोड समाधान होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नवऱ्याला तिची गरज होती आणि तिला काय करायचं ते ठाऊक होतं.

सूज वाढली आणि मग उतरू लागली. जबडा आखडला. दोन बोटंही जाईनात, तेव्हा पेज आणि ताकावर दिवस काढले. शाळेतले लोक बघायला आले. आखडणारच, असं प्रत्येकजण म्हणाला. ज्याची त्याची कुणीतरी मावशी नाहीतर मेहुणा होता, ज्याचा जबडा असाच आखडला होता आणि मग मोकळा झाला होता. मास्तरांचाही होऊ लागला. मऊ भात जायला लागला. ते शाळेत जाऊ लागले, आणि पुढचा गुरुवार आला तेव्हा शाळेच्या तपासणीसाठी साहेब यायचे होते म्हणून दाराशांकडे जायचं राहून गेलं. दुखत नाही तर कशाला दाखवायचं, असंही त्यांनी वर म्हटलं.

मग होळीच्या आधीच्या आठवड्यात जबडा पुन्हा आखडला.

या वेळी सूज नव्हती. ताप म्हणावा असाही नव्हता. नुसता जबडा घट्ट होत चालला होता. आधी घास अडायला लागला, मग चमचा, मग दातांच्या फटीतून पेज ओढून घ्यावी लागायची. "वारं लागलं असेल," मास्तर म्हणाले. दात न उघडता बोलायला ते शिकले होते. मान अवघडली म्हणून त्यांनी उशी काढून टाकली. शैलजाच्या हातून एकदा पातेल्यावरचं झाकण पडलं, तर ते एवढ्याशा आवाजानं अंगभर दचकले आणि मग पाठ धरून बसून राहिले. शैलजानं विचारलं, "काय होतंय हो?" ते म्हणाले, "दाढेचंच आहे." दाढेचं दुखणं पाठीपर्यंत कसं उतरतं, हे तिला विचारावंसं वाटलं. पण न विचारण्याची सवय आता चांगली अंगात मुरली होती.

तिला भीती वाटू लागली होती. कशाची ते तिला सांगता आलं नसतं. रात्री मास्तर झोपेत दात करकचून आवळायचे, आणि ती जागी राहून तो आवाज थांबायची वाट बघायची.

बुधवारी दुपारी लीलाबेननं तिला हाक मारली. लीलाबेन म्हणजे मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची विधवा बाई. खडोलीकडच्या शेतातले वाल आले होते. ते ऊन दाखवून पोत्यात भरायचं काम चाललं होतं. पोतं गच्च भरलेलं, त्याचं तोंड सारखं उघडत होतं आणि लीलाबेन एका हातानं सुतळी ओढत, दुसऱ्या हातानं तोंड आवळत बसली होती.

"बेटा, दाबी राख!" ती शैलजाकडे बघून ओरडली. "जल्दी, दाबी राख!"

शैलजा लगबगीनं गोठ्याकडे धावली. वालाला कीड लागू नये म्हणून राख घालतात, तिच्या माहेरीही घालायचे. तिनं ओंजळ भरून राख आणली आणि पोत्यात टाकायला वाकली.

लीलाबेननं सुतळी सोडली. "अरे, आ शुं? राख शुं करवा लावी?"

"तुम्हीच म्हणालात ना. दाबी राख."

लीलाबेनला असं हसू फुटलं की पोतं कलंडून वाल अंगणभर झाले. हसता हसता तिनं शैलजाचा राखेनं भरलेला हात धरला, पोत्याच्या तोंडावर ठेवला आणि वरून स्वतःच्या हातानं दाबला. "आम, असं. दाबी राख. तुमच्या मराठीत काय म्हणते? दाबून ठेव. धरून ठेव. राख एटले ठेव, वेडी! आ राख नै!" आणि पुन्हा हसत सुटली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

शैलजाचा हात तसाच पोत्यावर राहिला. लोही नीकळे तो दाबी राख. रक्त आलं तर दाबून ठेव. कापूस दाबून ठेव. एवढंच. एवढंच सांगितलं होतं त्या माणसानं.  समोर गाय उभी होती, गायीच्या पायाशी शेण, आणि शेणाला लागूनच तो राखेचा ढीग, ज्यातून तिनं रोज सकाळी निवडून निवडून राख उचलली होती.

तिच्या माहेरच्या वाडीत एक बाई बाळंतपणात गेली होती. सुइणीनं नाळेला शेणराख लावली, आणि आधी मूल गेलं, मग बाई. धनुर्वात झाला, असं मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. बाईची दातखीळ बसली होती आणि पाठ कमानीसारखी वर उचलली गेली होती. लहान शैलजाला ते खोलीत जाऊ देत नव्हते, तरी तिनं दारातून पाहिलं होतं.

लीलाबेन वाल गोळा करत अजून हसत होती. शैलजा घरात गेली.

मास्तर पलंगावर पडले होते. तिनं त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. दाराशा काय म्हणाले, तिला काय ऐकू आलं, राख कुठली, किती दिवस, सगळं. सांगताना ती रडत होती, पण एक अक्षर गाळलं नाही. वाडीतल्या बाईचंही सांगितलं. "आत्ता जाते आणि सरकारी डॉक्टरांना बोलावून आणते," म्हणाली.

 मास्तरांनाही कळलं होतं. शैलजाला ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, आणि म्हणून त्यांचं पुढचं बोलणं ऐकून ती थक्क झाली.

"कुणाला बोलू नकोस," ते दातांमधून म्हणाले.

"अहो, पण—"

"सरकारी डॉक्टर पत्त्यांना बसतो. त्याला सांगितलंस म्हणजे गावभर झालं. मास्तराच्या बायकोनं मास्तराच्या तोंडात राख घातली. साखरेची गोष्ट अजून विसरले नाहीत." ते दम घ्यायला थांबले. "दाढेनंच आखडलंय. उतरेल. आधी नव्हतं का उतरलं?"

"आणि नाही उतरलं तर?"

"लोक हसतील, शैलू."

लग्नानंतर त्यांनी तिला शैलू अशी हाक पहिल्यांदाच मारली होती. अशा वेळी मारली याचा तिला संतापही आला आणि गलबलूनही आलं. शाळेभर दुसऱ्यांवर हसणारा हा माणूस आतून इतका भित्रा आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. साखरेची गोष्ट त्यांनी जगभर का सांगितली होती तेही कळलं. दुसऱ्यानं सांगण्याआधी आपण सांगितलेली बरी. तिनं त्यांचे पाय चेपले. संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही. नवऱ्याचं ऐकायचं की नाही, हा प्रश्न तिला आजवर कधी पडलाच नव्हता आणि त्याचं उत्तर कसं काढतात हे तिला ठाऊक नव्हतं.

सकाळी मास्तरांना पाणी पाजायला गेली तर पाणी गळ्याखाली उतरेना. घोट घ्यायला गेले की मान मागे खेचली जायची. शैलजानं पदरानं त्यांची हनुवटी पुसली, लीलाबेनला त्यांच्यापाशी बसवलं आणि चपला न घालताच बाहेर पडली. ते मागून काहीतरी म्हणाले. नको म्हणाले असावेत. ती थांबली नाही.

गुरुवार होता. बाजार भरलेला. दाराशांच्या खोलीबाहेर बाक गच्च, वर दहाबाराजण उभे. कापडवाला गुजर, मामलेदार कचेरीतला कारकून, शाळेचा शिपाई, खानवेलहून आलेली दोन माणसं. शैलजा सगळ्यांना ढकलत दारात गेली. दाराशा एका मुलाच्या तोंडात आरसा घालून बघत होते.

"डॉक्टरसाहेब," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिनं आणखी मोठा केला. "तमे कह्युं, लोही नीकळे तो दाबी राख. मी राख दाबली. राख. चुलीची असते ती राख. नवऱ्याच्या दाढेत."

क्षणभर कोणाला काही उमजलं नाही. मग कारकुनाला उमजलं. तो आधी खुसखुसला आणि मग त्यानं कापडवाल्याला समजावून सांगितलं, आणि सगळी बाहेरची गर्दी हसायला लागली. राख! दाढेत राख! शिपाई गुडघ्यावर हात मारून हसत होता. खानवेलची माणसंही, कळलं असो नसो, हसत होती. ज्या गोष्टीला शैलजा इतके महिने जिवापाड भीत होती ती हीच होती, आणि ती घडल्यावर तिला काहीच वाटलं नाही. हसा म्हणावं. ती फक्त दाराशांच्या तोंडाकडे बघत होती.

दाराशा हसत नव्हते.

त्यांनी आरसा खाली ठेवला. "कई राख?" त्यांनी हळूच विचारलं. "लाकडानी के छाणनी?"

"काय?" शैलजा म्हणाली. "छाण म्हणजे काय?"

"गायनुं. गोबर."

"हो. गोवरीची. परसातली, गाय बांधतात तिथली."

"मोढुं खूले छे?" त्यांनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं.

"नाही. पाणीसुद्धा जात नाही. मान अशी मागे जाते."

बाहेर अजून कोणीतरी हसत होतं. "चूप!" दाराशा असे ओरडले की कापडाच्या दुकानातलं मापणंही थांबलं. मग त्यांनी आपल्या ड्रायव्हरला बोलावलं, मोटार घेऊन सरकारी दवाखान्यात पळायला सांगितलं, धनुर्वाताचं सीरम असेल तेवढं आणि डॉक्टर असतील तिथून घेऊन यायला सांगितलं. मुलाला तसाच खुर्चीत सोडून ते शैलजाबरोबर पायीच निघाले. जड शरीर, धापा टाकत, टोपी सावरत. रस्त्यात ते एकदाच बोलले, तेही स्वतःशीच. "में तो एटलुंज कह्युं हतुं." मी तर एवढंच सांगितलं होतं.

शैलजाला वाटत होतं, आता होईल. डॉक्टर बरोबर आहेत, औषध येतंय, आता काहीतरी होईल. हसं व्हायचं ते होऊन गेलं, आता त्याच्या बदल्यात देवानं एवढं द्यावं.

दारात लीलाबेन उभी होती. तोंडाला पदर लावलेला. ती बाजूला झाली.

मास्तर पलंगावर भिंतीला टेकून ताठ बसले होते आणि शैलजाकडे बघून हसत होते. भुवया वर चढलेल्या, ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, सगळे दात दिसत होते. एवढं मोठं, एवढं तोंडभर हसू तिनं त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तिच्या जिवात जीव आला. म्हणजे उतरलं! आखडलेलं उतरलं, आणि हा माणूस नेहमीसारखा तिलाच हसतोय, चपला न घालता बाजारात धावली म्हणून. तिला रागसुद्धा आला, आणि तो राग तिला फार बरा वाटला.

"बघा," ती दाराशांना म्हणाली, "हसताहेत. बरं वाटतंय त्यांना."

दाराशांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ए हसतो नथी, दीकरी," ते म्हणाले.

हे तिला कळलं. एकेक शब्द कळला. ती परत मास्तरांकडे बघायला लागली. आखडलेल्या जबड्यानं ओढून धरलेल्या त्या हसणाऱ्या तोंडावरचे डोळे हसत नव्हते. ते तिच्याकडे मदत मागत होते.

"बारी बंध कर," दाराशा कुजबुजले. "अंधारुं कर. अवाज नी थाय."

"बारी म्हणजे? खिडकी?"

"खिडकी."

"सगळ्या? का रस्त्याकडचीच?"

"बधी. बधी बंध कर."

"बधी म्हणजे सगळ्या ना?"

"सगळ्या, दीकरी."

झाकण पडलं तेव्हाचं त्यांचं दचकणं आठवून तिनं एकेक खिडकी हलक्या हातानं, कडीचा आवाज न करता लावली. मग चादर कशी टांगू, गायीला लांब बांधायला सांगू का, पाणी ओठाला लावू की नको, सगळं ती दोनदोनदा विचारत होती, आणि पलंगावरचं ते हसू तसूभरही हलत नव्हतं.